गूळ का बसत नाही? तोडीपासून काहिलीपर्यंत इन्व्हर्टेज आवरण्याची रीत

वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या पसरट हौदात, ओतलेला पाक निवत आला की घट्ट व्हायला लागतो, हाताला कणी लागते आणि तेवढ्यात साचे भरून घ्यावे लागतात. त्या रात्री आमच्या गुऱ्हाळावर तीन तास झाले तरी पाक लोंबतच होता. गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, म्हणाला, "अण्णा, हे आदण बसंना बघा." आदण म्हणजे काहिलीत, रस आटवायच्या मोठ्या कढईत, एका वेळी चढवलेला रस. पहिला संशय गुळव्यावरच गेला. पाक लवकर उतरवला असणार, असं घरच्यांनी बोलून टाकलं. दुसरं आदण त्यानं जास्त आटवलं, तर गूळ काळा पडला आणि तरीही मऊच राहिला. चूक त्याची नव्हती. ऊसतोडीची टोळी ठरल्यापेक्षा आधी आली होती, इकडे चरकाची, म्हणजे रस काढायच्या यंत्राची, मोटार जळाली होती, आणि तोडलेल्या मोळ्या फेब्रुवारीच्या उन्हात चार दिवस बांधावर पडून होत्या. त्या माणसाला आपण उगाच बोललो, ही खंत मला अजून आहे.

गूळ काहिलीत बिघडतो असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा तो ऊस तोडल्यापासून रस तापेपर्यंतच्या तासांत बिघडतो आणि काहिलीत फक्त दिसून येतो. बिघडवणारा घटक उसातच असतो. त्याचं नाव इन्व्हर्टेज. कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या पट्ट्यात ज्यांची स्वतःची गुऱ्हाळं आहेत किंवा जे दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर आपला ऊस गाळून घेतात, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी इन्व्हर्टेज म्हणजे काय ते समजून घ्या

उसातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरांची जोडी असते. इन्व्हर्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पाण्याच्या मदतीनं ही जोडी फोडतं. ३४२ ग्रॅम सुक्रोजला १८ ग्रॅम पाणी लागतं आणि १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज तयार होतं. हिशेब नीट पाहिलात तर वजन घटत नाही, उलट वाढतं. गोडीही कमी होत नाही. म्हणूनच हे नुकसान जिभेला कळत नाही.

नुकसान होतं ते गूळ बसण्याचं. सुक्रोजचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे ढेप घट्ट होते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्या कणांच्या मध्ये येतात आणि त्यांना जुळू देत नाहीत. त्यातही फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात गूळ पाझरतो. चांगल्या गुळातही या फुटलेल्या साखरा साधारण ५ ते १५ टक्के असतातच. त्या अजिबात नसत्या तर गूळ साखरेसारखा भुरभुरीत झाला असता. घरी साखरेचा पाक करताना आपण लिंबू पिळतो तेही थोडी साखर फुटावी आणि पाक पुन्हा साखरू नये म्हणूनच. थोडं फुटणं कामाचं, पण त्याचं प्रमाण आपल्या हातात हवं.

नावामागची गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुक्रोजच्या द्रावणातून एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. साखर फुटली की तोच प्रकाश डावीकडे वळतो. दिशा उलटते म्हणून या क्रियेला इन्व्हर्शन म्हणायला लागले आणि ती करणारं ते इन्व्हर्टेज. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल', म्हणजे रसातल्या सुक्रोजचं प्रमाण, मोजतात ते याच वळण्यावरून. विकरं किती वेगानं काम करतात याचं जे सूत्र कॉलेजात शिकवतात, ते लिओनोर मिकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली बर्लिनमध्ये याच इन्व्हर्टेजवर काम करून मांडलं. आपल्या फडात चाललेली ही क्रिया शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांच्या डोळ्यासमोर आहे, आणि गुऱ्हाळावर मात्र तिचं नावही कुणी घेत नाही.

जिवंत उसात इन्व्हर्टेज शत्रू नसतं. वाढत्या कांड्यांना साखर फोडूनच ताकद मिळते. म्हणून कोवळ्या शेंड्यात त्याचं काम जोरात असतं, आणि ऊस पक्व होत जातो तसं खालच्या कांड्यांत ते मंदावतं. ऊस तोडला की ते पुन्हा उचल खातं. मुळाकडून पाणी येणं थांबतं, पानं साखर बनवणं थांबवतात, आणि साठलेली साखर फुटायला लागते. ऊन जितकं जास्त, तितकी ही गती वाढते. डिसेंबरच्या थंडीत एक दिवस पडलेला ऊस आणि मार्चच्या उन्हात एक दिवस पडलेला ऊस यांची बरोबरी करू नका.

पहिली पायरी : ऊस पिकलाय का ते तपासा

हातात धरायचा ब्रिक्समीटर, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, घ्या. फडाच्या कडेचे ऊस सोडून आतले आठ-दहा ऊस निवडा. प्रत्येकाच्या बुडाकडच्या आणि शेंड्याकडच्या कांड्याचा रस थेंबभर घेऊन आकडा पाहा. बुडाला २० आणि शेंड्याला १५ असेल तर ऊस अजून कच्चा आहे, शेंड्याकडे इन्व्हर्टेज कामावर आहे. दोन्ही आकडे जवळ आले, शेंडा बुडाच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेला, की तोड धरा.

जातीप्रमाणे पक्वतेची वेळ बदलते. को ८६०३२ आपल्याकडे सगळीकडे आहे. कोसी ६७१ लवकर पिकणारी आणि साखरेला चांगली. गुळासाठी को ९२००५ चं नाव कोल्हापूर भागात घेतलं जातं. आपल्या जमिनीला कोणती जात गुळाला बरी, हे संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा. तिथं उसावरच काम चालतं.

मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला शेवटची माती लावल्यावर, युरिया टाकू नका. उशिरा दिलेलं नत्र उसाला वाढीत ठेवतं, आणि वाढता ऊस म्हणजे चालू इन्व्हर्टेज. काळ्या रानात तोडीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद ठेवा. कृष्णाकाठच्या खारवट रानातला ऊस कारखान्याला घाला, गुळाला वापरू नका. त्या रसातले क्षार गुळात उतरतात, गूळ खारट लागतो आणि लवकर ओलावतो.

दुसरी पायरी : काहिलीपासून उलटा हिशेब करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. आपण टोळीच्या सोयीनं ऊस तोडतो आणि चरकाच्या सोयीनं गाळतो. मधले तास कुणाच्याच हिशेबात नसतात.

समजा एका आदणाला ८०० किलो रस लागतो. तीन रुळांच्या चरकातून उसाच्या वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के रस निघतो. म्हणजे एका आदणाला सुमारे १३०० किलो ऊस. दिवसात पाच आदणं होत असतील तर साडेसहा टन. तेवढाच ऊस आदल्या दिवशी दुपारनंतर तोडायचा, त्यापेक्षा एक मोळीही जास्त नको. टोळीला उक्तं काम दिलं की ती दोन दिवसांत फड मोकळा करून पुढं जाते, तिचं पोट त्यावर आहे. म्हणून गुळाच्या तोडीला रोजंदारीवर गावातलीच चार-पाच माणसं घ्या. मजुरी थोडी जास्त जाईल, पण न बसलेल्या गुळाचा सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, जो भाव होतो तो पाहिलात तर ही मजुरी स्वस्त वाटेल.

तोड ते चरक हे अंतर चोवीस तासांच्या आत ठेवा. फेब्रुवारीनंतर बारा तासांवर आणा.

तिसरी पायरी : तोडताना

ऊस जमिनीलगत तोडा, कारण बुडाची कांडी सगळ्यात पक्व असते. वरची दोन-तीन कोवळी कांडी वाढ्याबरोबर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याबरोबर, काढून टाका. इथं लोक हात आखडता घेतात, वजन जातं म्हणून. पण त्या कांड्यांत साखर कमी आणि इन्व्हर्टेज जास्त, आणि चरकातून ते सगळ्या रसात मिसळतं. वाढ्याबरोबर ती कांडी जनावरांना जातील, वाया जाणार नाहीत. उशिरा फुटलेले जाड, रसरशीत पाणकोंब दिसायला छान असतात, तेही बाजूला काढा. पाचट, मुळ्या, माती नको.

पेटवलेल्या फडातला ऊस गुळासाठी घेऊच नका. साल तडकते, मेणाचा थर जातो आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

ऊस लांबच ठेवा, तुकडे करू नका. प्रत्येक कापलेलं टोक म्हणजे उघडी जखम. तिथून यीस्ट आणि जिवाणू शिरतात. यीस्टकडे स्वतःचं इन्व्हर्टेज असतं, म्हणजे घरचा चोर कमी म्हणून बाहेरचाही आत घेतल्यासारखं होतं. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू तर सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतो. शिळ्या उसाच्या टोकाला बोट लावून पाहा, गिळगिळीत लागतं ते हेच.

मोळ्या झाडाच्या सावलीत किंवा छपराखाली रचा. वर पाचटाचा हातभर थर द्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. यानं इन्व्हर्टेज थांबत नाही, पण ऊस थंड राहतो, सुकत नाही आणि काही तास हाताशी येतात.

ब्रिक्समीटर इथं फसवतो

तोडलेल्या उसावर ब्रिक्स पाहून समाधान मानू नका. ब्रिक्समीटर रसात एकूण किती पदार्थ विरघळलेत ते सांगतो, त्यात सुक्रोज किती आणि फुटलेली साखर किती हे त्याला कळत नाही. ऊस सुकला की पाणी जातं आणि आकडा वाढतो. आमच्या त्या चार दिवसांच्या उसाचं ब्रिक्स २२ आलं होतं आणि आम्ही खुशीत होतो.

चौथी पायरी : ग्लुकोजची पट्टी लावून पाहा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही. मेडिकलच्या दुकानात लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्यांची बाटली मिळते. ही पट्टी फक्त ग्लुकोजवर रंग बदलते, सुक्रोजवर नाही. म्हणजे इन्व्हर्टेजनं किती काम केलं हे ती थेट दाखवते. ग्लुकोमीटरच्या रक्ताच्या पट्ट्या घेऊ नका, त्या रक्तासाठीच बनवलेल्या असतात.

कृती अशी. चरकातून आलेला ताजा रस स्वच्छ फडक्यातून गाळा. एक चमचा रस आणि चार चमचे प्यायचं पाणी मिसळा. पट्टी बुडवून काढा, बाटलीवर लिहिलेले सेकंद मोजा आणि रंग ताडून पाहा. सकाळी तोडून दुपारी गाळलेल्या पक्व उसाच्या रसावर पट्टी जेमतेम रंग धरते. तीन-चार दिवसांच्या उसावर ती गडद होते. रसाचा स्वतःचा रंग आणि दाटपणा मध्ये येतो, म्हणून आकड्यावर भरवसा ठेवू नका, तुलनेपुरतीच वापरा. त्याच फडातला एक ऊस त्या क्षणी तोडून त्याचा रसही तसाच पातळ करून शेजारी ठेवा. दोन पट्ट्यांतला फरक म्हणजे तुमच्या मोळीनं गमावलेली साखर.

विश्वास बसत नसेल तर आणखी एक प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात होतो. ताज्या रसाचे दोन पेले घ्या. एक लगेच उकळून, झाकून निववा. दुसरा तसाच ठेवा. सहा तासांनी दोन्हीला पट्टी लावा. उकळलेला पेला जवळपास सकाळसारखाच राहतो, कच्चा पुढं गेलेला असतो. माझ्या घरात हे दोन पेले ओट्यावर शेजारी ठेवून गुळव्याला दाखवले, तेव्हा तो बराच वेळ पट्ट्या हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "म्हंजे रस तापवायलाच उशीर करायचा नाही." त्याला यापुढं काही सांगावं लागलं नाही.

पाचवी पायरी : चरक आणि रसाची टाकी

रोज काम संपल्यावर चरकाचे रूळ, रसाची पन्हळ, गाळणीचं फडकं आणि टाकी कढत पाण्यानं धुवा. आठवड्यातून एकदा चुन्याच्या निवळीनं. पन्हळीच्या सांध्यात साठलेला कालचा आंबूस रस म्हणजे यीस्टचं विरजणच. ताजा रस त्यावरून गेला की ते विरजण त्याला लागलंच.

कच्चा रस टाकीत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. मागचं आदण उतरायला वेळ असेल तर चरक थांबवा. ऊस मोळीत जितका सुरक्षित आहे तितका रस टाकीत नाही, कारण गाळताना सगळ्या पेशी फुटून इन्व्हर्टेज आणि साखर समोरासमोर आलेली असतात.

सहावी पायरी : तापवण्याची घाई, मग सामू

इन्व्हर्टेज प्रथिन आहे. कोमट ते बऱ्यापैकी गरम रसात, साधारण ५० ते ५५ अंशांना, ते सगळ्यात जोमानं काम करतं आणि ७० च्या पुढं टिकत नाही. म्हणून काहिलीत रस सोडल्यावर चुलवाणात सुरुवातीलाच चिपाड भरपूर सारा. अर्धवट तापलेला रस तसाच ठेवून जेवायला जाणं ही गुऱ्हाळावरची नेहमीची गोष्ट, ती बंद करा.

विकर मेलं म्हणजे धोका संपला असं नाही. आंबट रस उकळत राहिला तर नुसत्या आम्लानंही साखर फुटते, आणि उष्णता वाढेल तशी जास्त फुटते. ताज्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.५ असतो. तो चुन्याच्या निवळीनं ६.० ते ६.४ पर्यंत आणा. पीएचच्या कागदी पट्ट्या शेतीच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. चुना वजनानं टाकू नका, पट्टी पाहत थोडा थोडा टाका, कारण प्रत्येक फडाचा रस वेगळा. ७ च्या वर गेलात तर फुटलेल्या साखरा चुन्याशी बिघडून गूळ काळपट होतो. आमच्या दुसऱ्या आदणाचं तेच झालं होतं. घाबरून चुना जास्त पडला, वर जास्त आटवला.

रानभेंडीचा चीक घाला, साधारण ८५ अंशांना मळी वर येते, ती पूर्ण निघेपर्यंत रसाला जोराची उकळी येऊ देऊ नका. त्यानंतर मात्र जाळ सोडू नका. ढेपेच्या गुळाला पाक ११६ ते ११८ अंशांवर उतरवा. थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी हाताला कडक लागते ती याच सुमारास. जुना गुळव्या ती गोळी पाहूनच सांगतो, त्याच्या डोळ्याला मी मानतो. पण थर्मामीटर शेजारी असला की शिळ्या उसाच्या रसात त्यालाही आधार होतो, कारण अशा रसाची गोळी फसवी असते.

ऊस शिळा झालाच असेल तर

त्याचा ढेपेचा गूळ करायच्या नादी लागू नका. ताज्या उसाच्या रसात थोडा थोडा मिसळून खपवूही नका, सगळंच आदण मऊ होतं. हायड्रॉस, म्हणजे रंग उडवणारी गंधकाची पावडर, टाकलं तर रंग पिवळा दिसतो, पण ते फक्त रंग उडवतं, फुटलेली साखर जोडत नाही. काही आठवड्यांत गूळ परत काळपट होतो आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. बाहेरची साखर ओतून गूळ बसवणं ही तर गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

अशा रसाची काकवी करा. काकवीला फुटलेली साखर हवीच असते, नाहीतर बाटलीच्या तळाला खडे जमतात. मुद्दाम काकवी करणारे त्यासाठीच काकवीच्या किलोला ०.४ ग्रॅम, म्हणजे १०० किलोला ४० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड घालतात. तुमच्या रसात ते काम आधीच झालेलं असल्यानं ते कमी घाला किंवा घालूच नका. पाक १०५-१०६ अंशांवर उतरवा, आठवडाभर स्थिर ठेवून वरचा नितळ भाग कोरड्या बाटल्यांत भरा. रस आंबूस वास मारत असेल, फेसाळत असेल, बोटाला तार येत असेल, तर काकवीही नको, तो टाकून द्या.

वही आणि साठवण

काट्याची पावती कन्नडमध्ये, गुऱ्हाळाची वही मराठीत, आणि माल कोल्हापूरच्या किंवा महालिंगपूरच्या सौद्यात, असा आपला व्यवहार. त्या वहीत आणखी तीन रकाने आखा : तोडीची वेळ, गाळपाची वेळ, ग्लुकोजच्या पट्टीचा रंग. प्रत्येक ढिगाऱ्यावर खडूनं तोडीची वेळ लिहिलेली पाटी ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला जुना ऊस आधी घालायचा हे विचारावं लागत नाही. एका हंगामानंतर ही वही उघडली की कोणत्या फडाचा, कोणत्या महिन्यातला ऊस किती तास दम धरतो ते तुम्हाला कळेल. आमच्या नदीकाठच्या रानातला खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, माळावरच्या उसाआधी हार मानतो, हे मला वहीनंच दाखवलं.

ढेपा पूर्ण निवल्यावरच बांधा. खानापूरकडच्या आणि घाटमाथ्याच्या पावसात हवा महिनोन्‌महिने ओली असते, तिथं गूळ पाठवायचा असेल तर ज्या आदणाची पट्टी सगळ्यात फिकी आली त्याच आदणाच्या ढेपा निवडा. बाकीचा गूळ पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत विकून मोकळे व्हा. घरच्या वापराचा गूळ फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा, आणि मृगाच्या आधी एकदा उघडून तळ पाहा. तळाशी ओल दिसली तर ती ढेप आधी संपवा.